निंबांच्या बांधावरून, कुत्रीबरोबर

आमच्या धरणगावच्या आसपास बिनकामाचं कुणी चालत नाही. रस्त्यानं माणूस दिसला की तो शेतात तरी निघालेला असतो, नाहीतर बाजाराला, नाहीतर कुणाच्या दुःखाला. त्यामुळे साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितलं, तेव्हा मला गुडघ्यांची काळजी नव्हती. लोकांना काय सांगायचं याची होती. सारी उमर मी शिलाई मशीनवर बसून काढलेली. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. घरातून बाहेर पडायचं ते दोरा नाहीतर अस्तर आणायला. आणि आता साठीला आलेली बाई सकाळी सकाळी हात हलवत शिवारात निघाली, तर लोक विचारणारच.

पहिल्याच दिवशी वेशीपाशी हाक आली, "कथा चालनात अक्का?" म्हणजे कुठे निघालात. आता 'कुठेच नाही' हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, "चालायला." समोरची बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "घरमा काही व्हयनं का?" घरात काही भांडणबिंडण झालं का, असं तिला विचारायचं होतं. माझं टाळकंच सटकलं. पण दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले. कापडात बांधलेला रिकामा डबा हातात घेतला आणि निघाले. डबा दिसला की कुणी काही विचारत नाही. शेतात भाकर पोचवायला चालली आहे, संपलं.

सगळं गाव त्या डब्याला फसलं. एक कुत्री तेवढी फसली नाही. पाटाच्या पुलाजवळ ती पडून असायची. मातकट रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. ती डब्याचा वास घेत माझ्या मागे लागली आणि मी बसले तिथे समोर येऊन बसली. मी डबा उघडून दाखवला. "बघ बाई, काही नाही." तिनं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं माझ्याकडे माझ्या सासूनंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं डब्यात भाकर घातली, आणि पावसाळा लागायच्या आत ती आमच्या ओट्यावर राहायला आली.

तिला नाव ठेवलेलं नाही. आमच्याकडे कुत्र्याला "यू यू" म्हटलं की पुरतं. आमचे हे म्हणाले, "ब्लाउज शिवायला सांगितले तर तुला वेळ नसतो, आणि कुत्रं सांभाळायला वेळ आहे." मी म्हटलं, "ब्लाउजवाल्या बाया मापात एवढासा फरक पडला तर तोंड वाकडं करतात. हिनं आजवर एक तक्रार केलेली नाही." त्यावर ते पेपर वाचायला लागले.

तेव्हापासून आम्ही दोघी चालतो, आणि चालण्यातलं मला आता एवढं कळतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्याला कुत्र्याबरोबर फिरायचंय त्यानं आधी पाटाच्या कडेचा रस्ता धरावा. सपाट मुरमाचा, गुडघ्यांना सोपा. हिवाळ्यात पाटाला पाणी सुटलेलं असतं, एका बाजूला हरभरा, दुसऱ्या बाजूला दादर ज्वारी, आणि मधून आपण. कुत्र्याला तहान लागली तर पाणी पायाशीच आहे. उन्हाळ्यात मात्र उजाडायच्या सुमारालाच निघावं. ऊन चढल्यावर डांबरी रस्त्यावर कुत्र्याला चालवणारा माणूस मला भेटला ना, तर मी त्याला आधी अनवाणी चालायला लावीन. दुसरी वाट नाल्याच्या वाळूतली. वाळू सकाळी गार असते, पाय रुततात म्हणून हळू चालावं लागतं, ते साखरेला चांगलं. फक्त काठावर सराटे फार. कुत्री तीन पायांवर उभी राहिली की समजायचं, काटा रुतला. मी पदराला सुई टोचूनच निघते. ती पंजा माझ्या हातात देते आणि दुसरीकडे बघते, अगदी इंजेक्शन घेणाऱ्या माणसासारखी.

पण खरी वाट म्हणजे नानांचा बांध. नाना आमच्या शेजारच्या गल्लीतले, सत्तरी ओलांडलेले, अजून स्वतः शेत बघणारे. त्यांच्या दोन शेतांमधला बांध बैलगाडी जाईल एवढा रुंद आहे आणि त्यावर निंबाची रांग आहे, त्यांच्या वडिलांनी लावलेली. सबंध शिवारात वैशाखातसुद्धा सावली मिळते ती तिथेच. बांधाच्या टोकाला उभं राहिलं आणि हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. नाना तिथे रोज सकाळी पाखरांना ज्वारीचे दाणे टाकतात. चिमण्या येतात, होले येतात, खारी तर इतक्या की झाडाला फांद्या जास्त की खारी जास्त ते कळू नये. माझी कुत्री वर मान करून त्यांच्याकडे बघत बसायची. कधी मागे धावली नाही, कधी पिकात शिरली नाही. हिवाळ्यात त्याच शेतात भरिताची वांगी भाजतात, पंगत बसते, भाकरीचा ढीग पडलेला असतो, आणि ही आपली दूर बसून राहते, कुणी बोलावल्याशिवाय पुढे यायची नाही. लोक म्हणायचे, अक्कांची कुत्री फार शिकलेली आहे. मी वरवर "हट्" म्हणायचे. आतून मला केवढा ताठा चढायचा ते माझं मलाच माहीत.

म्हणूनच यंदाच्या वैशाखात जे झालं ते मला फार लागलं.

नानांनी त्या वेळी ठिबकवर कापूस लावला होता. ठिबक म्हणजे पिकाच्या ओळीतून काळ्या नळ्या पसरलेल्या असतात आणि त्यातून रोपाच्या मुळाशी थेंबथेंब पाणी पडतं. विहिरीला पाणी कमी, रोपं नुकती वर आलेली, ऊन असं की दगड फुटावा. अशात नळीला भोक पडलं तर पाणी तिथेच वाहून जातं आणि पुढची रोपं माना टाकतात. आणि नानांच्या नळ्यांना रोज नवी भोकं पडत होती. ते बिचारे रोज तुकडा कापून जोड लावायचे, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे भोक.

त्या सकाळी आम्ही दोघी बांधावर चढलो तर नाना वाटेतच उभे. हातात नळीचा तुकडा. "अक्का," ते म्हणाले, "तुमनी कुत्रीनी मना बठ्ठा लॅटरल फोडी टाकात!" लॅटरल म्हणजे त्यांच्या नळ्या; त्या सगळ्या हिनं फोडल्या म्हणे.

तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. "नाना, डोळ्यांनी पाहिलंत का?"

"पाहायला कशाला पाहिजे? या, दाखवतो." रागातून जरा निवळले की नाना माझ्याशी शहरी बोलतात. त्यांनी मला ओळीत नेलं. जिथे जिथे नळी फुटली होती तिथे माती ओली होती आणि त्या चिखलात कुत्रीचे पंजे उमटलेले होते. स्पष्ट, ताजे. पुढच्या उजव्या पंजाचं एक नख तुटकं, ते माझ्या ओळखीचं. एका ठिकाणी नव्हे, प्रत्येक भोकाशी. ही केव्हा येते इथे? माझ्याबरोबर असते तेव्हा बांधावरून उतरत नाही. मग दुपारी, मी मशीनवर असते तेव्हा येत असणार.

"शनिवारी मी जळगावला माल घेऊन जातो," नाना म्हणाले. "शनिवारले हिले पोतामा टाकसू, गिरनापार सोडी येसू."

पोत्यात घालून गिरणेच्या पुलापलीकडे सोडून द्यायचं. आमच्याकडे नको असलेलं कुत्रं असंच घालवतात. नदी ओलांडली की त्याला घरचा वास लागत नाही म्हणतात. पलीकडची कुत्री त्याला जगू देत नाहीत, हे कुणी म्हणत नाही. मी कुत्रीकडे पाहिलं. ती नानांचा हात चाटायला बघत होती. बावळट!

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "नानांचं पीक जातंय. देऊन टाक. आपण दुसरं आणू." मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. दुसरं आणू म्हणे! मशीनची सुई आहे का ती, मोडली की दुसरी लावायला? मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. कारण मनातून मीसुद्धा घाबरले होते की खरंच हिनंच चावल्या असतील तर? चिखलातले पंजे तिचेच होते. नानांचं नुकसान खरं होतं. म्हातारा माणूस उन्हात वाकून वाकून जोड लावत होता.

तिला घरात बांधून ठेवावं हे सुचलंच. पण नाना म्हणाले असते, बांधली म्हणता, कुणी पाहिलं? तेव्हा नानांच्या डोळ्यांसमोरच काहीतरी करायला हवं होतं. आणि मग मला बैल आठवले. कोळपताना बैलानं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला सुतळीचं जाळीदार मुसकं बांधतात. बैल काम करतो, पण तोंड घालत नाही. मी सुतळीचा गुंडा काढला आणि कुत्रीच्या तोंडाच्या मापाचं मुसकं विणायला बसले. सैल, धाप टाकायला जबडा उघडेल असं, पण नळी तोंडात धरता येणार नाही असं. मागे कानामागून बांधायला दोन बंद. घामानं घासू नये म्हणून आतून मऊ कापडाची पट्टी लावली. इतकं नीट काम मी नवरीच्या ब्लाउजचंसुद्धा केलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी तिला ते घातलं तेव्हा ती नुसती उभी राहिली. ओढलं नाही, ओरबाडलं नाही. उभा कानही पाडला, एवढंच. "थोडे दिवस गं माय," मी म्हटलं.

गावातून निघालो तर जो तो दारात. "अक्कानी कुत्रीले बैल करा व!" पोटं धरधरून हसले. एकानं विचारलं, नांगर कुठे आहे. दुसऱ्यानं विचारलं, पोळ्याला हिची शिंगं रंगवणार का. मी तोंडाची फटकळ, एरवी एकेकाला धुऊन काढला असता. त्या दिवशी मान वर करून चालत राहिले. कारण कुत्रीही तशीच चालत होती. ते हसू तिला कळत होतं, माझी खात्री आहे, पण पाऊल चुकलं नाही तिचं.

बांधावर नानांना म्हटलं, "हे बघा. गाठ तुम्ही बांधा, तुमच्या हातानं. आणि आता आमच्यामागून चला. नळीला भोक पडलं आणि हिच्या तोंडाला मुसकं असलं, तर तुम्ही काय म्हणाल?"

"पाहू," नाना म्हणाले. त्यांनी गाठ ओढून पाहिली, आणखी एक मारली.

मी कुत्रीला पहिल्यांदाच स्वतःहून शेतात उतरू दिलं. ती ओळीओळीनं नाक खाली घालून निघाली. मागे मी, माझ्यामागे नाना, हातात काठी. मनात म्हणत होते, बाई गं, आज माझी लाज राख. ती कुठल्याशा ओळीत मध्येच थांबली. नाक जमिनीला लावलं, मुसक्यातून कुंईकुंई केलं, आणि पंजानं माती उकरायला लागली.

"दिसलं?" नाना म्हणाले. "दिसलं का? उकरू राह्यनी!" आणि काठी उगारून पुढे झाले.

मी मध्ये उभी राहिले. "आधी बघा तरी! वरून माती कोरडी आहे."

"आठे काहीच नही," नाना म्हणाले. खरंच काही नव्हतं. जमीन सुकीठाक, ओलीचा डाग नाही. मग ही उकरते काय? नाना वाकले, दोन बोटांनी नळीवरची माती बाजूला केली. नळीच्या खालच्या अंगाला भोक होतं. ताजं. पाणी आत जिरत होतं, वर यायला अजून वेळ लागला असता.

नानांनी भोकावर बोट ठेवून पाहिलं. मग उठले आणि कुत्रीला म्हणाले, "चल." ती पुढे गेली. आणखी एका ठिकाणी थांबली. तिथेही तेच. त्यापुढच्या ओळीत नळी नुकती कुरतडलेली, थेंब जेमतेम धरायला लागला होता म्हणा ना, तरी ही बाई तिथे जाऊन उभी. भोकं ती पाडत नव्हती. भोकं पडली की तिला पाण्याचा वास यायचा आणि ती प्यायला यायची. आज मात्र मुसक्यामुळे पिता येईना, म्हणून ती प्रत्येक भोकाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती.

नानांनी चष्मा लावला. इतके दिवस ते तुकडे कापून फेकत होते, निरखून पाहिले नव्हते. नळी उजेडात धरली. दोन बारीक खाचा, शेजारी शेजारी. कुत्र्याचा दात असा लागत नाही. नानांनी वर पाहिलं. निंबावर खारी पळापळी करत होत्या. खाली ज्वारीचे दाणे पसरलेले होते, त्यांनीच तासाभरापूर्वी टाकलेले.

"हाई तं खारनं काम शे," ते हळूच म्हणाले.

माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की नानांना रात्रभर झोप लागली नसती. तरी एक वाक्य सुटलंच. "नाना, सुकी ज्वारी पोटभर खाऊ घालता, आणि पाणी कुठे ठेवलंय? त्यांनी प्यायचं काय?"

नानांनी काठी बाजूला ठेवली. ते खाली बसले, कुत्रीच्या मानेमागे हात घालून गाठ सोडायला लागले. दोनदा मारलेली गाठ, सुटेना. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू द्या, मी बांधली आहे." शेवटी सुटली. मुसकं बाजूला ठेवलं, फुटक्या नळीखाली ओंजळ धरली, थोडंसं पाणी जमू दिलं आणि तिच्यापुढे नेलं. ती लपालपा प्यायली. मग त्यांची बोटं चाटली. मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली सिमेंटचं पाळं पाण्यानं भरलेलं होतं. खारी काठावर बसून पाणी पीत होत्या. नळ्या फुटणं एका दिवसात थांबलं नाही, पण कमी कमी होत गेलं. आणि नाना रोज सकाळी बांधाच्या सुरुवातीला येऊन उभे राहायला लागले. आम्ही दोघी पोचलो की ते कुत्रीला म्हणायचे, "चला," आणि दोघं शेतात उतरायचे. ती पुढे, नाना मागे, खांद्यावर पिशवीत नळीचे जोड. ती थांबेल तिथे नाना वाकायचे. मी सावलीत बसून बघायची. चालायचं माझं होतं खरं, पण साखर काय, एक दिवस थोडी वाढली तर वाढली. ती बघण्यासारखी गोष्ट होती आणि ती माझी कुत्री होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी थांबवून दाखवायची. "बघा, बघा, आता थांबेल." आणि ती थांबायची!

शनिवार आला. सकाळी नानांचा माल भरलेला टेम्पो आमच्या दारावरून गेला. मी ओट्यावर उभी होते, कुत्री पायाशी. माझी सगळी खात्री असूनही टेम्पो वळेपर्यंत मी तिच्या मानेवरचा हात काढला नाही. नानांनी आतून हात वर केला आणि ते जळगावला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नानांच्या शेजारच्या शेतात तसाच प्रकार सुरू झाला. तिथे पलीकडच्या गावचा एक तरुण शेतकरी नव्यानं वाट्यानं शेत करायला आलेला. त्याला आमची काही माहिती नाही. मी बांधावर होते, नाना ओळीत वाकलेले, आणि कुत्री वासानं वासानं कडेचा बांध ओलांडून त्याच्या शेतात गेली. थांबली, उकरायला लागली. तो तिकडून ओरडत आला. "कोनी कुत्री शे रे हाई? लॅटरल फोडी राह्यनी!" वाटेत वाकून त्यानं नारळाएवढं ढेकूळ उचललं. मी उठले, पण माझे गुडघे. त्या अंतरावर माझा आवाज पोचला असता, मी पोचले नसते. मी ओरडले, त्यानं वळूनही पाहिलं नाही.

माझ्याआधी नाना पळाले. सत्तरीचा माणूस, खांद्यावरची पिशवी टाकून, ओळी तुडवत, स्वतःची कोवळी रोपं पायाखाली घालत. तो आणि कुत्री यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. धाप इतकी लागलेली की शब्द तुटत होते.

"खाले टाक ते ढेकूय! आमनी कुत्री शे ती!"